आमगव्हाण उचललं कोणी?

१

"ताई, आमगव्हाण वर गेलं."

दारातच उभी राहून, ओल्या छत्रीनं जिना भिजवत, डॉ. रागिणी इंगोले एवढंच बोलली. मंजुषाबाई गावंडेंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला, चेहरा सुतकी केला आणि हळूच विचारलं, "अरे देवा. काय वय होतं?"

"ताई, गाव आहे ते!"

अमरावतीच्या राजापेठेत, गणिताच्या शिकवणीच्या वरच्या मजल्यावर मंजुषाबाईंचं ऑफिस होतं. खालून दिवसभर प्रमेयं ऐकू यायची, वर सोयरिकींची चौकशी चालायची. मुलगा खरंच इंजिनिअर आहे की इंजिनिअरिंग कॉलेजच्या कॅन्टीनमध्ये आहे, होणारी सासू शेजारणीशी कशी बोलते, असली कामं. मंजुषाबाई पोलिसात नव्हत्या, वकिलीत नव्हत्या, आणि हे शिकवणारं कॉलेज अजून निघालेलं नाही. पण सोयरिकीच्या वेळी माणसं जेवढं खोटं बोलतात तेवढं कोर्टातही बोलत नाहीत, आणि बाईंचं सगळं शिक्षण त्याच खोट्यावर झालं होतं. रागिणीसाठी आलेलं पुण्याचं एक झकपक स्थळ आधीच बायको असलेलं निघालं, ते त्यांनीच शोधलेलं. तेव्हापासून रागिणी त्यांना ताई म्हणायची आणि बिनलग्नाची सुखात होती.

तिनं लॅपटॉप उघडला. "हा मागच्या आठवड्यातला फोटो. माझ्याच मोबाईलनं काढलेला."

पूर्णेच्या काठचा नकाशा होता. नदी फुगली तर पाणी कुठवर पसरेल ते निळ्यात दाखवलेलं. एका वळणावर आमगव्हाण नावाचं गाव पूर्ण निळं होतं.

"आणि हा आज सकाळचा."

त्याच वळणावर गाव कोरडं ठणठणीत.

"नदी दयाळू झाली म्हणायची," मंजुषाबाई म्हणाल्या.

"नदी तीच आहे. कोणीतरी गावाची जमीन उंच केली, नकाशात." रागिणीचा आवाज बसला. "उद्या अकोल्याला बैठक आहे. नदी आधीच चढतेय. कोणती गावं आधी हलवायची, बोटी कुठं ठेवायच्या, हे या नकाशावरून ठरणार. आमगव्हाण कोरडं दिसलं तर तिथं कोणी फिरकणार नाही."

"मग जुना दे की."

"जुना खोटा असेल तर? मशीन जिथं अडखळतं तिथं आम्ही हातानं दुरुस्ती करतो. जागेवर जाऊन आलेला माणूस खरी उंची भरतो. ही तशी प्रामाणिक दुरुस्ती असेल, तर ती पुसणं पाप. आणि ही लबाडी असेल, तर ठेवणं त्याहून मोठं पाप. पावसात ड्रोन उडत नाही, मोजून पाहता येत नाही. केलं कोणी ते कळलं, तरच का केलं ते कळेल."

"मशीन नाव लिहून ठेवत नाही होय?"

रागिणी ओशाळली. "आम्ही सगळे माझ्याच पासवर्डनं आत जातो."

किल्ली पायपुसण्याखाली ठेवणाऱ्या घरात चोर शोधायचा होता, आणि तोही घरचाच.

२

रागिणीची प्रयोगशाळा म्हणजे तिच्या कॉलेजच्या मागच्या इमारतीतली एक खोली. मंजुषाबाईंना वाटलं होतं दिव्यांची उघडझाप असेल. होते ते एक घरघरणारं कपाटाएवढं यंत्र, चार खुर्च्या आणि खिडकीत वाळत घातलेले मोजे.

"आधी मला हे मशीन काय करतं ते सांग," त्या म्हणाल्या. "स्थळाची चौकशी करायची तर स्थळ कळायला हवं."

रागिणीनं सांगितलं, आणि सांगता सांगता तिचा बसलेला आवाज पुन्हा उभा राहिला. उपग्रहाला वरून जमीन दिसतच नाही. त्याला दिसतात बाभळीचे शेंडे, टिनाची छपरं, सोयाबीनच्या कुटाराचे, म्हणजे भुशाचे, ढीग. पाणी मात्र शेंड्यांवरून वाहत नाही, बुडख्याशी वाहतं. म्हणून यांनी नदीकाठच्या काही पट्ट्यांवर ड्रोन फिरवून खरी जमीन मोजली, आणि मशीनला हजारो ठिकाणी दाखवलं की वरून हे असं दिसतं तेव्हा खाली ते तसं असतं. हळूहळू मशीन शिकलं. आता जिथं ड्रोन कधी गेला नाही तिथलीही झाडं-घरं बाजूला सारून ते खालची माती दाखवतं.

"आई लेकीच्या डोक्यात उवा बघते तसं," मंजुषाबाई म्हणाल्या. "केस बाजूला, कातडी समोर."

"अगदी तसंच! आणि पाणी सोडून बघायला आधी संगणकाला दिवस लागायचे. हे चहा गाळेपर्यंत सांगतं."

मंजुषाबाई पडद्याकडे बघत राहिल्या. आयुष्यभर पूर्णेच्या पुलावरून एस.टी.नं गेल्या होत्या, पण ती जमीन अशी उघडी त्यांनी पाहिली नव्हती. बुजलेले नाले, जुन्या पात्राचा बाक, वावरांमधून जाणाऱ्या पांदणीच्या वाटा, सगळं हातावरच्या रेषांसारखं. ज्या कोणी हे घडवलं, त्यांच्यातल्याच एकानं त्याला हात लावला, याचं त्यांना वाईट वाटलं.

मग त्या एकेकाशी बोलायला बसल्या.

देवानंद काळमेघ सर पाटबंधारे खात्यातून निवृत्त, आता इथं सल्लागार. त्यांनी बोलायला सुरुवात केली ती भांडायच्याच सुरात.

"बाई, अख्खी नोकरी म्या या नदीत काढली. आमगव्हाणात पाणी शिरलेलं एका म्हाताऱ्यालेही आठवत नाई. मशीन म्हणते बुडते. मशीन आंघोळ तरी करते का?"

"मग तुम्हीच केलं दुरुस्त?"

"मी?" सर ताठ झाले. "मी केलं असतं तं खाली सही ठोकून केलं असतं. चोरून कायले करू? आन म्या नदीचा काठ उचलला असता. पाणी काठावरून येते, घरातून नाई."

शिवम धामणगाव रेल्वे या गावचा, मशीनचा प्रोग्राम लिहिणारा. हैदराबादच्या कंपनीचं बोलावणं आलेलं, डोळे पडद्यावरून हलत नव्हते.

"काकू, हातानं एकेक ठिपका कोण उचलत बसते? कोडच्या एका ओळीत जिल्हा उचलतो मी. पण मी कावून करू? हे मॉडेल अर्धं माहं लेकरू आहे. त्याचं नाव खराब झालं तर हैदराबादमधले मले दारात उभं करतीन का?"

तिसरा माणूस प्रयोगशाळेचा नव्हताच. शालिकराम भोजने, प्लॉट पाडून विकणारे. आमगव्हाणच्या पलीकडच्या अंगाला त्यांचा लेआउट होता आणि आठवडाभर ते पेढे घेऊन व्हरांड्यात ठाण मांडून होते. काल तर सगळे जेवायला गेले तेव्हा ते आतच बसलेले.

"पाणी येण्याच्या आधीच माहे प्लॉट बुडाले बाई, या निळ्या रंगानं!" ते म्हणाले. "गिऱ्हाईक फोन उचलत नाई. म्या म्हणलं, मॅडम, जरासा फिका करा ना निळा. त्यात काय गुन्हा?"

"आणि कॉम्प्युटरला हात?"

"मले व्हॉट्सअपच्या पुढे येत नाई. पेढा घ्या."

मंजुषाबाईंनी पेढा घेतला. बरा होता.

शेवटी आचल. परतवाड्याची, मावशीकडे राहून शिकलेली, असं रागिणीनं सांगितलं. मशीनला शिकवायचे हजारो नमुने हिच्याच हातचे. कुठला ठिपका झाडाचा, कुठला कुटाराचा, ती नजर टाकून सांगायची.

"सावली पाहा काकू. झाडाची सावली फाटकी पडते, ढिगाची गोल." दाखवताना तिचा हात सराईत फिरत होता. "आन हे इथं पूर्णामाय वळते नं, तिथं मशीन आधी चुकत होतं. आता नाई चुकत. आता तं माह्यापेक्षा हुशार झालं थे."

लेकीचं कौतुक करावं तसं बोलली. आमगव्हाणचं नाव निघालं तशी मात्र तिनं खिडकीतले मोजे काढून घड्या घालायला घेतल्या. मोजे शिवमचे होते, आणि अजून ओले.

मंजुषाबाईंनी खुर्ची पडद्याकडे ओढली. "रागिणी, मला नुसता तो उचललेला भाग दाखव. बाकी सगळं पूस."

रागिणीनं जुनी जमीन नव्यातून वजा केली. पडदा काळा झाला आणि मधोमध एक पांढरी आकृती उमटली.

"अगं," मंजुषाबाई म्हणाल्या, "हे गाव नाही उचललं. कोणीतरी रस्ता उचललाय."

३

गावफाट्यावरच्या एस.टी. थांब्यापासून एक बारीक पट्टा निघाला होता. मारोतीच्या देवळापर्यंत सरळ, तिथं वळसा, मग एका गल्लीतून आत, आणि एका घराच्या अंगणात जाऊन संपला होता. बस. त्याच्या आजूबाजूची घरं जागच्या जागी, खोलात.

"पण मग सगळं गाव कोरडं कसं?" रागिणीनं विचारलं.

काळमेघ सर पुढे वाकले. नदीचं काम निघालं की ते भांडण विसरत. "बांध झाला नं हा! रस्ता उचलला, थो पाण्याले आडवा. पाणी अलीकडेच अडलं, पल्याडचं गाव कोरडं. ज्यानं केलं त्याले हे समजलंही नसंल."

"म्हणजे त्याला गाव वाचवायचं नव्हतं," मंजुषाबाई म्हणाल्या. "फक्त हा रस्ता आणि हे अंगण."

त्यांनी पदरानं चष्मा पुसला. खोलीतले सगळे जवळ सरकले. शालिकरामही दारातून डोकावत होते, पेढ्यांचा डबा छातीशी धरून.

"असं बघा. शालिकरामजींनी केलं असतं तर प्लॉट वर आले असते. ते अजून निळ्यात आहेत."

"हाव ना बाप्पा!" शालिकराम कळवळले.

"सरांनी नदीकाठ उचलला असता. शिवमनं एका ओळीत अख्खं गाव वर नेलं असतं, सगळीकडं सारखं. हे ज्यानं केलं तो पाण्याचा विचारच करत नव्हता. तो चालत चालत आलाय. एस.टी.तून उतरला, मारोतीपुढं चप्पल काढली, हात जोडले, गल्लीत वळला, अंगणात आला. कोण येतं असं गावात? गावातला माणूस मागच्या पांदणीनं येतो, वावरातून येतो. असा देवळावरून, समोरून, सांगितलेल्या वाटेनं कोण येतं?"

मंजुषाबाईंनीच सांगितलं.

"पाहुणे. मुलगा बघायला येणारे पाहुणे. माझा जन्म या वाटेवर गेलाय. पाहुणे यायचे म्हटले की माणूस सगळं घर सारवत नाही. फाटकापासून बैठकीपर्यंत सारवतो. तेवढंच दिसणार असतं ना. इथंही कोणीतरी तेवढंच सारवलंय."

"पण आमच्यातलं आमगव्हाणचं कोणीच नाही," रागिणी म्हणाली.

मंजुषाबाई उठल्या, मोज्यांच्या घड्यांपाशी गेल्या आणि म्हणाल्या, "आचल, मला कॅन्टीन दाखवतेस का गं?"

४

कॅन्टीनमध्ये चहा आला, निवला, त्यावर साय धरली.

"परतवाड्याचे लोक पूर्णा म्हणतात," मंजुषाबाई म्हणाल्या. "अमरावतीचे पूर्णा नदी म्हणतात. पूर्णामाय काठावरचेच म्हणतात. लहानपणी तिच्यात उड्या मारलेले."

आचलला आधी रडू फुटलं, मग शब्द.

"श्यामदादासाठी केलं काकू. माहा मोठा भाऊ. काळी कसदार जमीन हाय आमची, दारात ट्रॅक्टर हाय, दारू नाई, तंबाखू नाई. पोरी म्हणतात, नोकरीवाला पाह्यजे. तरी दोन ठिकाणी जमत आलं होतं. तेवढ्यात आमचा कच्चा नकाशा कोणं तरी व्हॉट्सअपवर टाकला. झालं! 'पुराच्या गावाले पोरगी देऊन काय करा?' दोन्ही घरांनी नाई म्हणलं. आई दोन दिवस जेवली नाई. अन थो नकाशा म्या बनवलेला."

ती डोळे पुसत राहिली आणि ते भरत राहिले.

"या रविवारी आकोटाकडचे येऊन राह्यले पाहुणे. म्हणलं, पक्का नकाशा निघंल त्यात आपली वाट तरी कोरडी दिसंल. एवढीच. सगळं गाव कोरडं होईन हे मले नाई समजलं. आज सकाळी पाह्यलं तवा कळलं. सांगावं कसं?"

"एकच सांग. तुझ्या अंगणाची जमीन खरंच उंच आहे का?"

आचलनं मान हलवली. "आमचं घर तं सगळ्यात खोलात हाय, काकू. मशीन बरोबर सांगते."

"आणि त्या घरात आत्ता कोण आहे?"

तो प्रश्न विचारायला नको होता असं मंजुषाबाईंना लगेच वाटलं. पण विचारून झाला होता. पोरगी उठली ती थेट प्रयोगशाळेकडे पळाली.

सगळ्यांसमोर तिनं ते एका दमात सांगितलं. रागिणी खुर्ची सरकवून म्हणाली, "बस. तूच काढ ते."

आचलनं तिची दुरुस्ती पुसली, पाणी पुन्हा सोडलं. मारोती बुडाला, गल्ली बुडाली, अंगण बुडालं.

"पण मले हे पटत नाई," काळमेघ सर म्हणाले. आवाजात आता भांडण नव्हतं, कोडं होतं. "पोरगी म्हणते खोल हाय. असंल. पण पाणी कधीच कसं आलं नाई?"

शिवमनं पहिल्यांदा पडद्यावरून मान वर केली. "सर, तुमी नोकरीत होते तवाची जमीन टाकू का?" त्यानं जुनी उपग्रहचित्रं मशीनला दिली. सरांचा काळ पडद्यावर आला, त्यात पाणी सोडलं. पाणी काठ सोडून पलीकडच्या वावरांमध्ये पसरलं आणि आमगव्हाणला न शिवता निघून गेलं.

"पाह्यलं? मी काय म्हणत होतो!"

"आता आजची."

आजच्या जमिनीवर, गावाच्या खालच्या अंगाला, नव्या रस्त्याचा मातीचा भराव आडवा पडला होता. पाणी वावरांकडे निघालं, भरावाला थडकलं, वळलं आणि मागं येत गावात शिरलं.

त्या भरावावरून काळमेघ सर महिन्यातून दोनदा मोटारसायकलनं जात.

"इचीन," ते म्हणाले. "म्या रस्ता पाह्यला. पाण्याच्या बाजूनं नाई पाह्यला. यानं पाह्यला." आणि त्या घरघरणाऱ्या कपाटाच्या पाठीवर त्यांनी बैलाच्या पाठीवर मारावी तशी थाप मारली.

"सर, हळू," शिवम म्हणाला, "गरम आहे थे."

आचल तोवर फोन घेऊन खिडकीशी गेली होती. पलीकडे तिचे वडील, नत्थुजी.

"बाबा, म्या आपलं घर नकाशात वर नेलं होतं. खोटं होतं थे."

पलीकडून एवढा मोठा आवाज की खोलीभर ऐकू आला. "मंग आता खाली आणलं का?"

"हो."

"मंग ठीक हाय. म्हशी सोडतो."

५

अकोल्याच्या बैठकीत नकाशा आचलनंच दाखवला. रागिणीनं तिला शिक्षा दिली ती हीच. टेबलामागच्या साहेबांनी विचारलं, "आमगव्हाणला पूर आल्याची कुठंच नोंद नाही. मशीनच्या भरवशावर अख्खं गाव हलवायचं?"

आचलनं भराव दाखवला, वळणारं पाणी दाखवलं. मग म्हणाली, "साहेब, निळ्यातलं हे शेवटचं घर माहं हाय. मले थे कोरडं दाखवाचं होतं. म्या खोटी उंची भरून पाह्यली. उंची निघाली की पाणी परत तिथंच येते."

साहेबांनी काळमेघ सरांकडे पाहिलं. खात्यातला जुना माणूस म्हणून त्यांना मुद्दाम बोलावलं होतं.

"आज हलवा," सर म्हणाले. "नाव माहं लिहा."

आमगव्हाण हललं. श्यामनं आपल्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून म्हातारे, शेळ्या आणि गादीवरची एक बाळंतीण उंचावरच्या शेजारगावच्या शाळेत नेऊन सोडली, परत गेला, पुन्हा भरून आणली. रविवारचे पाहुणे आले नाहीत. खरा नकाशा त्यांच्यापर्यंतही पोचला होता.

पाणी सोमवारी दुपारी आलं. काठाकडून नाही, मागच्या अंगानं, भरावाला थडकून, अगदी दाखवलं होतं त्याच वाटेनं. मारोतीच्या गाभाऱ्यात शिरलं, गल्लीत वळलं आणि नत्थुजींच्या घरात खिडकीपर्यंत उभं राहिलं. घरात माणूस नव्हतं, जनावर नव्हतं.

मंगळवारी रागिणी आणि आचल चादरी घेऊन शाळेत गेल्या. मंजुषाबाईही गेल्या. कोणी बोलावलं नव्हतं, पण त्यांना ऑफिसात बसवेना. शाळेच्या ओट्यावरून खाली बघितलं तर गाव नव्हतंच, नुसती छपरं होती, उपग्रहाला दिसतात तशी. पोरं ती मोजत होती आणि कोणाचं कोणतं यावर भांडत होती.

आचलची आई, सुभद्राबाई, पिठल्याच्या पातेल्याशी बसल्या होत्या. लेकीला बघून त्यांनी पळी खाली ठेवली. आचल ओट्यावरच थांबली. घर पाण्यात, सोयरीक मोडलेली, आणि दोन्हीवर हिचं बोट.

"जेवली का?" सुभद्राबाईंनी विचारलं.

"नाई."

"मंग जेवजो. आधी मले एक सांग. थे मशीन आणलं का संगं?"

आचलनं लॅपटॉपची पिशवी दाखवली.

"खालतं पूर्णामायच्या काठी तुही लहानी मावशी राह्यते. हे पाणी आता तिकडे चाललं अशीन. तिचं घर पाह्य बरं."

पातेल्याशेजारी बसकण मारून आचलनं लॅपटॉप उघडला. शेजारची बाई लाटणं हातात घेऊनच सरकली. "माह्या लेकीचं सासरही पाह्य वं." मग एक म्हातारा, मग दोघं भाऊ, मग बाळंतिणीची आई. ज्योतिषापुढं लागावी तशी रांग लागली, फरक एवढाच की इथं शांती करायला कोणी सांगणार नव्हतं.

"एकेक करून या ना बाप्पा," नत्थुजी दरडावत होते, "पोरगी एकच हाय!"

मंजुषाबाई रांगेच्या कडेला उभ्या राहून बघत होत्या. इतकी वर्षं लोक त्यांच्याकडे यायचे ते दुसऱ्याच्या घरातलं गुपित काढायला. आपल्याच माणसांच्या घराखालची जमीन किती खोल आहे ते विचारायला आलेली माणसं त्यांनी पहिल्यांदा पाहिली. त्यांनी पर्स खाली ठेवली, पळी उचलली आणि पिठलं हलवायला घेतलं. नाहीतर ते लागलं असतं.

पडद्यावर नदी सरकत होती. आचलनं गाव मोठं केलं, गल्ली मोठी केली. निळा रंग हळूहळू एका टिनाच्या छपरापाशी आला आणि त्याला चारी बाजूंनी वेढून राहिला.

"आई," मान वर न करता ती म्हणाली, "मावशीले फोन लाव."